मदत हवी आहे: ‘देऊळ’मधली गाय आणि दत्त

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या निबंधासाठी ‘देऊळ’ (२०११) हा मराठी चित्रपट घेतलाय. त्यातला केशा हरवलेली करडी गाय शोधायला निघतो, उंबराखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. गाय, उंबर, दत्त ही जोडणी कॅलेंडरवरच्या तसबिरीतलीच. पण तसबिरीत गाय दत्तामागे शांत उभी असते, इथे ती हरवते आणि तिच्यामागे माणूस धावतो. मला हे मुद्दाम केलेलं वाटतं. सरांच्या मते मी उगाच खोलात शिरतेय!

‘देऊळबाजारावरची टीका’ यावर भरपूर वाचलंय, ते नको. या प्रतिमांवर मराठीत कुणी नीट लिहिलंय का? जुने अंक, दिवाळी अंक, काहीही चालेल. ‘एलिझाबेथ एकादशी’ या चित्रपटातल्या पंढरपुराशी तुलना जमेल का, तेही सांगा.