मुक्या मारानंतरची गाठ रगडू नका

पायाला मुका मार बसून राहिलेल्या गाठीचं काय करावं, या प्रश्नावर आंबेहळदीचा लेप लावून गाठ जोरात चोळावी, असं इथे दोघांनी लिहिलंय. लेपाला माझी हरकत नाही, आमच्याकडे मालवणातही घरोघरी लावतात. चोळण्याला मात्र ठाम विरोध. आत साकळलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं. काळानिळा डाग गेला तरी गाठ कित्येक आठवडे, कधी काही महिनेही हाताला लागते. पहिले दोन दिवस बर्फ आणि पाय उंचावर, नंतर कोमट शेक, बस्स.

माझा चुलतभाऊ पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरला, मांडीला मुका मार बसला. गावातल्या एकाकडून रोज तेल लावून रगडून घेतलं, तर गाठ दगडासारखी घट्ट झाली आणि गुडघा पुरता वाकेना. एक्सरेत स्नायूतच हाड धरलेलं दिसलं. मांडीच्या खोल मारात असं होऊ शकतं, रगडल्याने धोका वाढतो. नडगीवरची छोटी गाठ बहुतेक वेळा आपोआप जिरते. पण गाठ वाढत असेल, लाल-गरम होऊन ताप येत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवाच. आणि पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी. गुठळी शिरेत असली तर चोळणं जिवावर बेतू शकतं.