मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ केल्यापासून आरमधलं एसएफ पॅकेज लोड होत नाही

पर्जन्यरेषा:
नमस्कार. मशीन उबुंटू (लिनक्स) २२.०४ वरून २४.०४ वर नेलं. आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) ४.१.२ होतं, आता ४.३.३ आहे. काम असं: हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या ०.२५ अंश जाळीच्या रोजच्या पावसाच्या नेटसीडीएफ फाइली (जाळीच्या डेटाच्या फाइली) वाचायच्या, त्यावर तालुक्यांची शेपफाइल (सीमांची नकाशा-फाइल) टाकायची आणि तालुकावार सरासरी काढायची.

अपग्रेडनंतर आधी "एसएफ नावाचं पॅकेज नाही" असं आलं (एसएफ म्हणजे नकाशाचा डेटा हाताळणारं आरचं पॅकेज). म्हणून होम फोल्डरमधल्या आर लायब्ररीतलं ४.१ हे फोल्डर ४.३ या नावाने कॉपी केलं. आता एरर अशी: "एसएफ.एसओ लोड करता येत नाही, लिबजीडॅल.एसओ.३०: अशी फाइल नाही". एसएफ पुन्हा इन्स्टॉल केलं, दहा सेकंदांत बिनतक्रार झालं, पण लोड करताना तीच ओळ. जाळीचा डेटा हाताळणाऱ्या टेरा पॅकेजचंही तेच. लिबजीडॅल.एसओ.३४ मशीनवर आहे. तिलाच ३० नावाची सिमलिंक (शॉर्टकटसारखा दुवा) दिली तर चालेल का? शिवाय स्क्रिप्टमधलं आरजीडॅल हे जुनं पॅकेज कुठेच मिळत नाही.

नकाशाकार:
सिमलिंक अजिबात करू नका. २२.०४ मध्ये जीडॅल (नकाशाच्या फाइली वाचणारी लायब्ररी) ३.४.१ आहे, २४.०४ मध्ये ३.८.४. फाइलच्या नावातला शेवटचा आकडा ३० चा ३४ झाला, याचा अर्थच असा की जुन्या लायब्ररीवर कंपाइल केलेला कोड नव्या लायब्ररीशी जुळेल याची हमी संपली. एसएफ जीडॅलचे सी++ क्लास थेट वापरतं. क्लासमधल्या फंक्शनचा क्रम सरकला की हाक एकाला आणि उत्तर दुसऱ्याचं. "अनडिफाइन्ड सिंबल" म्हणून लगेच थांबलं तर सुटलात. न थांबता चुकीची भूमिती हातात आली, तर कळणारही नाही.

फोल्डर कॉपी करणं हीच पहिली चूक. आर प्रत्येक ४.१, ४.२, ४.३ साठी वेगळं लायब्ररी फोल्डर ठेवतं ते मुद्दाम.

टर्मिनलवाला:
"दहा सेकंद" हाच धागा पकडा. टेरा सोर्समधून कंपाइल व्हायला साध्या लॅपटॉपवर काही मिनिटं जातात. इन्स्टॉल करताना स्क्रीनवर "इन्स्टॉलिंग बायनरी पॅकेज" असं आलं की "सोर्स पॅकेज"? बायनरी असेल तर होम फोल्डरमधली .आरप्रोफाइल ही लपलेली फाइल उघडा आणि रेपॉझिटरीच्या पत्त्यात "जॅमी" हा शब्द आहे का बघा. जॅमी म्हणजे २२.०४. तसं असेल तर कितीही वेळा इन्स्टॉल करा, सर्व्हर दर वेळी लिबजीडॅल.एसओ.३० शी जोडलेलीच बायनरी पाठवणार.

पर्जन्यरेषा:
बायनरीच होती. पोझिट कंपनीच्या पॅकेज मॅनेजरचा पत्ता आहे आणि त्यात जॅमी आहे.

टर्मिनलवाला:
सापडलं. आता याच क्रमाने करा.

कॉपी केलेल्या ४.३ फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि रिकामं ४.३ तयार करा. पत्त्यात जॅमीच्या जागी नोबल (म्हणजे २४.०४) लिहा. उबुंटूजीआयएसचा पीपीए (उबुंटूबाहेरचं वेगळं पॅकेज भांडार) जोडलेला असेल तर बायनरीच्या नादी लागू नका, कारण त्यातलं जीडॅल उबुंटूच्या मूळ जीडॅलपेक्षा वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं. अशा वेळी सरळ सीआरॅनचा (आरच्या मूळ पॅकेज भांडाराचा) पत्ता देऊन सोर्समधून कंपाइल करा. त्यासाठी एपीटीने (उबुंटूच्या इन्स्टॉल कमांडने) आर-बेस-डेव्ह, लिबजीडॅल-डेव्ह, लिबजिऑस-डेव्ह, लिबप्रॉज-डेव्ह, लिबयुडीयुनिट्स२-डेव्ह आणि लिबनेटसीडीएफ-डेव्ह लागतील. शेवटची दोन विसरली जातात आणि मग युनिट्स आणि एनसीडीएफ४ ही आरची पॅकेजेस अडतात. कंपाइल करताना "किल्ड" येऊन थांबलं तर रॅम अपुरी पडली. मेकफ्लॅग्जमधला जे आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) १ करा.

मग नवीन आर सेशन उघडून आधी युनिट्स, नंतर एसएफ, मग टेरा.

झाल्यावर एसएफ.एसओ फाइलवर एलडीडी (जोडलेल्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा. एकाही ओळीपुढे "नॉट फाउंड" नको.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: अपडेट.पॅकेजेसला चेकबिल्ट = ट्रू दिलं की जुन्या आरवर बांधलेली पॅकेजेस पुन्हा बांधली जातात, पण ते फक्त आरची आवृत्ती बघतं. सीआरॅनच्या एपीटी रेपॉझिटरीतून आर घेत असाल आणि अपग्रेडच्या आधी-नंतर आर तेच राहिलं असेल, तर त्याला काहीच जुनं दिसणार नाही. जीडॅलला जोडलेली पॅकेजेस तेव्हा नावं देऊनच पुन्हा बांधावी लागतात.

पर्जन्यरेषा:
एसएफ आणि टेरा दोन्ही लोड झाले! एलडीडी स्वच्छ आहे. आता प्रक्षेपण बदलताना टर्मिनलमध्ये "प्रॉज.डीबी दुसऱ्या प्रॉजची आहे" अशा अर्थाची तक्रार येते (प्रॉज म्हणजे प्रक्षेपण बदलणारी लायब्ररी). आरस्टुडिओ मेन्यूतून उघडलं की तीच स्क्रिप्ट नीट चालते.

नकाशाकार:
टर्मिनलमध्ये .बॅशआरसी वाचली जाते, मेन्यूतून उघडलेल्या आरस्टुडिओला ती सहसा मिळत नाही. त्या फाइलमध्ये प्रॉज_लिब किंवा प्रॉज_डेटा एक्सपोर्ट करणारी ओळ असणार, बहुधा जुन्या कोंडा (वेगळी पॅकेज प्रणाली) एन्व्हायर्नमेंटकडे बोट दाखवणारी. (प्रॉज ९.१ पासून नाव प्रॉज_डेटा झालं, पण जुनं नावही अजून मानलं जातं, म्हणून दोन्ही शोधा.) ओळ काढा, नवीन टर्मिनल उघडा. कोंडा आपोआप सुरू होत असेल तर आधी डीअॅक्टिव्हेट करा.

मग नुसता नकाशा बघून समाधान मानू नका, एक बिंदू तपासा. रेखांश ७३.८६, अक्षांश १८.५२, म्हणजे पुणे. ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशाचा कोड) मधून ३२६४३ (यूटीएम पट्टा ४३ चा कोड, मीटरमध्ये) मध्ये न्या. पूर्वेचा आकडा साधारण ३,७९,७०० मीटर आणि उत्तरेचा २०,४८,१०० मीटर यायला हवा. उत्तरेचा आकडा ८० लाखांच्या पुढे गेला तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. आणि ३२६४३ चा पट्टा ७८ अंश पूर्वेपर्यंतच आहे. नागपूर, भंडारा, गडचिरोलीसाठी ३२६४४ घ्या.

आरजीडॅल शोधू नका. आरजिऑस आणि मॅपटूल्ससोबत ते ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालं. रीडओजीआरच्या जागी एसटी_रीड, एसपीट्रान्सफॉर्मच्या जागी एसटी_ट्रान्सफॉर्म. तालुक्यांची सरासरी टेराच्या एक्स्ट्रॅक्टने काढणार असाल तर एग्झॅक्ट = ट्रू द्याच. ०.२५ अंशाचा एक चौकोन उत्तर-दक्षिण जवळपास २८ किलोमीटर असतो. ते दिलं नाही तर ज्या चौकोनांचा मध्यबिंदू तालुक्यात पडतो तेवढेच धरले जातात, आणि लहान तालुक्यात असा चौकोन एखादाच असतो.

पर्जन्यरेषा:
.बॅशआरसीमध्ये प्रॉज_लिबचीच ओळ होती. काढली. बिंदूचे दोन्ही आकडे तुम्ही दिले तसेच आले. स्क्रिप्ट एसटी_रीडवर आणली आहे, आता एग्झॅक्ट लावून मागच्या वर्षीचे तालुके पुन्हा काढतो. दोघांचे मनापासून आभार.

टर्मिनलवाला:
आकडे जुळले की बाजूला ठेवलेलं फोल्डर पुसून टाका. आणि एसएफ_एक्सटीसॉफ्टव्हर्जन या फंक्शनचं उत्तर स्क्रिप्टच्या आउटपुटमध्येच छापत जा. कुठला तक्ता कुठल्या जीडॅल, जिऑस आणि प्रॉजवर निघाला ते तिथेच नोंदलेलं राहतं.