चक्रीवादळाच्या आधी घर सोडायचं का? गाभण गाय, कुत्रा, मांजरी आहेत – सल्ला हवा

माडाखालचं_घर:
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात पेडण्यात केरीला राहतो, तेरेखोल नदीचं मुख घरापासून फार लांब नाही, मागे माड आणि पुढे खाजन शेत, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली सखल जमीन. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय म्हणतात, अजून वादळ झालेलं नाही पण मे महिना आहे म्हणून धाकधूक आहे. घर कौलारू पण भिंती भक्कम, गोठ्यावर मात्र पत्रे. गायीला नववा लागलाय, एक कालवड आहे, कुत्रा आहे, मांजरीने परवाच पिल्लं दिलीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढ चढवत नाही. त्या स्पष्ट म्हणाल्या, "गुरांना दाव्याला बांधून मी कुठे जायची नाही." नणंद डिचोलीला असते, ती या म्हणतेय. जायचं का, आणि जायचं तर कधी? गायीचं काय करायचं? प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

मांद्रेचा_दादा:
ताई, एवढं घाबरू नका. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी 16 मे 2021 ला आपल्याकडे केवढा वारा होता, तरी ते किनाऱ्याला समांतर वर निघून गेलं आणि जमिनीवर चढलं ते गुजरातेत. आपल्याकडे दोन माणसं दगावली ती झाड आणि विजेचा खांब पडून, म्हणजे ऐन वादळात रस्त्यावर असणं हाच मोठा धोका. घर भक्कम असेल तर आत बसा, मोबाईल, टॉर्च चार्ज करून ठेवा, लाईट दोन-चार दिवस येणार नाही असं धरून पाणी भरून ठेवा. गाय घराजवळच बांधा.

बांधावरचा:
दादांचं वाऱ्यापुरतं बरोबर आहे पण या ताईंचा प्रश्न पाण्याचा आहे. ओखी आठवतंय का, डिसेंबर 2017, वादळ आपल्यापासून कितीतरी लांबून गेलं, इथे वारा म्हणावा तसा नव्हता, तरी केरी, हरमल, मोरजीच्या शॅकमध्ये समुद्र घुसला कारण नेमकी पौर्णिमा होती आणि उधाणावर वादळाची लाट चढली. म्हणून ताई, आधी पंचांग आणि भरतीची वेळ बघा. वादळ जवळून जाण्याची वेळ आणि मोठी भरती एकत्र येत असेल तर खाजनाचा बांध धरेल यावर विसंबू नका. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या-अडवायच्या झडपेची, फळ्या-दारं नीट आहेत का ते आजच जाऊन बघा, बांध फुटला की खारं पाणी रात्रीतून अंगणात येतं आणि विहीर खराब होते, मग गुरांना प्यायला काय द्यायचं? पावसाचा जोर असेल तर नदीचं पाणीही भरतीमुळे समुद्रात उतरत नाही, तुंबतं. माझ्या मते तुमचं घर ज्या जागी आहे तिथून निघायलाच हवं, भिंती कितीही भक्कम असोत.

गुरांचा_डॉक्टर:
मी सरकारी दवाखान्यात काम केलंय, गायीचं सांगतो. नववा महिना म्हणजे टेम्पोत घालून डिचोलीपर्यंत खड्ड्यांतून नेणं शक्यतो टाळा, घसरली, पोटाला मार बसला तर वासरू आणि गाय दोन्ही जायची. तिला चालवत न्या. पालयेच्या बाजूला उंचावर ओळखीचं कोणी गोठेवालं असेल तर आत्ताच बोलून ठेवा, आणि सकाळी ऊन चढायच्या आत हळूहळू न्या, कालवड बरोबर असली की ती शांत चालते. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, अगदी मोकळ्यात ठेवू नका, विजा पडतात. टेम्पोशिवाय गत्यंतरच नसेल तर तळाला वाळू टाकून वर पोती अंथरा, डोकं बांधताना दोर आखूड आणि सुटणाऱ्या गाठीचा, आणि मागे एक माणूस लागतोच.

आता वेळ. आयएमडी, म्हणजे हवामान खातं, वादळाच्या 72 तास आधी पहिली सूचना देते, 48 तास आधी अलर्ट, 24 तास आधी वॉर्निंग. बहुतेक लोक वॉर्निंगची वाट बघतात. गाभण गाय आणि म्हातारं माणूस असलेल्या घराने अलर्टला हलायचं. तोपर्यंत रस्त्यावर झाडं पडलेली नसतात, टेम्पोवाला फोन उचलतो, उजेड असतो. फुकट फेरा झाला तरी चालेल, गायीचं काही बिघडत नाही.

कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा फोटो काढा, गायीचाही अंगावरच्या खुणा दिसतील असा. देव न करो पण जनावर गेलं तर मदतीसाठी पंचनामा लागतो, सरकारी निकषात दुभत्या गायी-म्हशीला 37,500 रुपये आहेत पण जनावर तुमचं होतं हे दाखवावं लागतं. घटसर्प, फऱ्याची लस राहिली असेल तर दवाखान्यात विचारून घ्या, एवढी गाभण आहे हे आधी सांगा.

आणि हात जोडून सांगतो, काही कारणाने गाय मागे राहिलीच तर दावं सोडा, गोठ्याचं दार उघडं ठेवा. पत्र्याच्या गोठ्यात बांधलेलं जनावर पाण्यातही मरतं आणि पत्र्यानेही. सुटं असलं तर ते स्वतः उंचावर जातं. मांद्रेच्या दादांनी घराजवळ बांधा म्हटलं ते माडाखाली किंवा तारांखाली तर अजिबात नको.

वाळवंटीकाठ:
ताई, नणंद डिचोलीत नक्की कुठे राहते? नदीकाठी असेल तर तिथेही विचार करा, जुलै 2021 मध्ये वाळपई, साखळी, डिचोली भागात नद्या घरांत शिरल्या होत्या, समुद्रापासून लांब म्हणजे सुरक्षित असं नसतं. उंचावर असेल तर बिनधास्त जा.

मांजरीचं एक, आत्तापासून तिला आणि पिल्लांना एकाच खोलीत ठेवा, दार बंद. वारा सुटला की मांजर पिल्लं तोंडात धरून कुठे माळ्यावर नेऊन ठेवते आणि आयत्या वेळी सापडत नाही. प्लास्टिकची झाकणवाली फळांची क्रेट मिळते, त्यात जुनी साडी घालून पिल्लं आणि ती एकत्र, वरून दोरी. कुत्र्याच्या पट्ट्यावर आतून मार्करने तुमचा नंबर लिहा, रेबीजच्या लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पंचायत शाळेत किंवा निवारा केंद्रात सोय करते तिथे कुत्रा घेतील का ते सरपंचांना आधीच विचारा, दारात जाऊन विचारू नका.

फोंड्याहून:
सासूबाईंना हट्टी म्हणू नका कोणी. अमेरिकेत 2005 ला कॅटरिना आलं तेव्हा कुत्र्या-मांजरांना सोडून जायला नको म्हणून कितीतरी लोक घरीच राहिले, काहींचा जीव गेला, त्यानंतर 2006 ला तिथे कायदाच केला की माणसांना हलवायच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राणी धरायचे. म्हणजे जनावराची सोय झाली तरच माणूस हलतो. गाय आधी पोचवा, सासूबाई आपोआप गाडीत बसतील.

माडाखालचं_घर:
सगळ्यांचे खूप आभार, दुपारपासून चारदा वाचून काढलं. नणंदेचं घर टेकडीवर आहे, नदी लांब. पालयेला नवऱ्याच्या मित्राचा पक्का गोठा आहे, त्याने हो म्हटलंय, पेंढा आणि पेंड उद्याच नेऊन टाकतोय. ठरवलंय की अलर्ट आला की त्याच सकाळी गाय आणि कालवड चालत, मग सासूबाई, कुत्रा, मांजरी गाडीने डिचोलीला. सासूबाईंनी एकच अट घातली, गायीजवळ रात्री कोणीतरी हवं, तर नवरा तिथेच राहणार. डॉक्टरसाहेब, त्या धावपळीत विण्याची वेळ आली तर?

गुरांचा_डॉक्टर:
कास भरली, शेपटीजवळचे सांधे ढिले पडून खड्डा दिसायला लागला की एक-दोन दिवसच उरले समजा. तसं दिसलं तर अलर्टची वाट न बघता उद्याच हलवा. मित्राला कोरडी जागा, टिंचर आयोडीन, स्वच्छ दोरा, नवीन ब्लेड तयार ठेवायला सांगा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडतो. कळा सुरू होऊन पाणमोट फुटल्यावर दोन तासांत पाय दिसले नाहीत तर आत हात घालू नका, फोन करा. नवरा तिथे राहतोय हे फार बरं केलंत.