नवा टँक, पाणी सारखं दुधाळ होतंय, गोल्डफिश वर येऊन तोंड मारतायत (सांगली)

विश्रामबागवाला
टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आज बारावा दिवस. चार छोटे गोल्डफिश, एक स्पंज फिल्टर, खाली रंगीत खडी आणि शंख-शिंपले. पाचव्या दिवसापासून पाणी ताक ओतल्यासारखं पांढरट दिसतंय. दोनदा सगळं पाणी काढलं, खडी आणि स्पंज नळाखाली खसाखसा धुतले. दोन दिवस स्वच्छ, की परत तेच. पाणी नळाचं, ते आलं नाही की बोअरचं. कालपासून मासे वर येऊन तोंड मारतायत. दुकानात निळं औषध आणि एक सकर मासा घ्यायला सांगितलंय. घेऊ का?

कृष्णाकाठ
दोन्ही घेऊ नका. निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं, आणि तुमच्याकडे तेच तर कमी आहेत. सकर विष्ठा खात नाही, उलट स्वतःची भर घालतो.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर चिकटून वाढतात, पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दोनदा क्लोरीनच्या नळाखाली धुऊन ते पहिल्या दिवसावर नेऊन ठेवलेत. पांढरेपणा हा वेगळ्या, पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा. तो आपोआप बसतो. पाण्याला हात लावू नका, खाणं दोन दिवस बंद.

मिरज_टँक
खाणं बंद, बरोबर. पण "पाण्याला हात लावू नका" याच्याशी सहमत नाही. मासे वर येतायत म्हणजे एकतर प्राणवायू कमी आहे, नाहीतर अमोनियाने कल्ले भाजलेत. दोन्हींत पाणी बदलायलाच हवं, फक्त सगळं नाही. जिवाणू पाण्यात नसतात, स्पंजवर असतात, त्यामुळे निम्मं पाणी काढून त्यांचं काही बिघडत नाही. आधी एअर पंप जोरात करा आणि थेंबांचं अमोनिया किट आणा. पट्ट्या नकोत, बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो.

विश्रामबागवाला
किट आणलं. अमोनिया २ आणि नायट्राइट ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ८.२.

मिरज_टँक
पीएच हाच घात करतोय. २६ अंशाला पीएच ७ असता तर त्या अमोनियातला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असता, ८.२ ला तो आठ-नऊ टक्क्यांवर जातो. म्हणून आजच निम्मं पाणी बदला.

तुमच्या मापाने टँक काठोकाठ ७० लिटर होतो, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून ६० धरा. म्हणजे ३० लिटर काढायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे घराच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं लागतं, आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की त्याहून जास्त धरून चाला. क्लोरीन घालवायला १० ग्रॅम हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा, २० लिटरच्या बादलीला त्यातले ३ मिली. ढवळून पाच मिनिटांनी वापरा. हायपो नसेल तर बादलीत एअर स्टोन (एअर पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली असेल तर ते पाणी निवळू द्या, वरचं घ्या आणि पीएच तपासा. तुरटीने तो खाली येतो.

उद्या परत अमोनिया मोजा. १ किंवा जास्त असेल तर पुन्हा निम्मं. ०.५ च्या खाली आला की दर दोन-तीन दिवसांनी २० टक्के पुरे.

कृष्णाकाठ
आकडे बघितल्यावर माझं मत बदलतो, पाणी बदलाच. एक भर: नायट्राइट आता चढत जाणार. ते कल्ल्यांतून रक्तात जाऊन प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं. मिठातलं क्लोराइड त्याला आत शिरू देत नाही. ६० लिटरला ६० ग्रॅम खडे मीठ, आयोडीनचं नको, मगात विरघळवून दोन-तीन वेळांत. पुढच्या बदलाला जेवढं पाणी काढाल तेवढ्याचंच मीठ घाला, लिटरला १ ग्रॅम.

आणि ओळखीच्या कुणाच्या, मासे तब्येतीत असलेल्या जुन्या टँकचा स्पंज मागा. तो तुमच्या फिल्टरशेजारी नुसता ठेवला तरी आठवडे वाचतात. यापुढे स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही. चार गोल्डफिश या टँकला जड आहेत, दोन कुणाला तरी देऊन टाका.

विश्रामबागवाला
बोअरचं पाणी बंद करू का? आणि आरओचं पाणी घातलं तर?

मिरज_टँक
नुसतं आरओ नको. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार, म्हणजे पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट, खातात. आरओत तो नसतोच, मग पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. गोल्डफिशला जड पाणी चालतं, त्यामुळे बोअर अगदीच खारं नसेल तर अडचण नाही. अडचण अशी की नळ आणि बोअरचा पीएच वेगळा, आणि तुम्ही एकदम पालटता. एका झाकणाच्या ड्रममध्ये नळाचं १०० लिटर साठवा आणि तेच वापरा.

शंख-शिंपल्यांवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर पीएच वर धरून ठेवणाऱ्यांत तेही आहेत. बाहेर काढा.