मदत हवी आहे: वाड्यातल्या तुळईतून भुगा पडतोय, गर्डर घालावा का?

पेठकर
पुण्यात कसबा पेठेत आमचा जुना वाडा आहे. खालच्या खोलीच्या कडीपाटातली, म्हणजे लाकडी छतातली, एक तुळई खराब झालीय. भुगा पडतो आणि वरची जमीन चालताना दबते. सुतार म्हणतो, लाकडात आता अर्थ नाही, लोखंडी गर्डर घाला. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. काय करू ते लवकर सांगा.

मंदार_सि
भुगा पिठासारखा आहे की मातकट? लाकूड कुठलं? लांबी किती? खराबी मध्ये आहे की टोकाला? फोटो टाका.

शुभदा
आमच्या न्हाणीघराचं दार दर पावसाळ्यात अडकायचं. तीनदा रंधा मारला, तर उन्हाळ्यात बोटभर फट! लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. दार उतरवून खालच्या कडेलाही रंग दिला तेव्हा कुठे थांबलं. ती कड कुणी रंगवत नाही आणि पाणी तिथूनच चढतं.

पेठकर
ताई, दार नाही, तुळई. सागवान आहे, दहा फूट. भुगा पिठासारखा. भिंतीकडच्या टोकाला बोट दाबलं तर आत जातं.

वखारवाला
भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात माझी तीस वर्षं गेली. सागवान आहे ना, मग काढायची घाई करू नका. सागाचा तपकिरी गाभा कीड सहसा खात नाही, कडेचा पांढरा भाग खाते. पीठ पडतंय ते बहुतेक त्या पांढऱ्यातलं. जागोजागी दाभण टोचून बघा. आत कडक लागलं तर तेवढी तुळई शाबूत समजा.

गिरीश_के
माझं स्पष्ट मत, गर्डरच घाला. लाकूड पेटतं. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आता तट आणि जोतीच उरलीत.

मंदार_सि
गिरीश, वाडा जळाला हे खरंच. पण जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि तो कोळसाच आतलं लाकूड वाचवतो. उघड्या लोखंडाची ताकद साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्म्यावर येते आणि ते वाकतं. शिवाय गर्डरही त्याच भिंतीत टेकणार. भिंत ओली असेल तर तो गंजणार.
पेठकर, त्या टोकाच्या वर काय आहे?

पेठकर
भाडेकरूंची मोरी. पण ती आजोबांच्या वेळेपासून आहे. आणि चार वर्षांपूर्वी त्या भिंतीला दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा केलाय, आता भिंत कोरडी दिसते.

मंदार_सि
हे आधी सांगायला हवं होतं! मोरी पूर्वीही झिरपत असणार, पण मातीची भिंत ओल बाहेर सोडत होती. सिमेंटनं ती आत कोंडली. लाकडात वीस टक्क्यांवर ओल टिकून राहिली की बुरशी लागते, मग सागही कालांतरानं कुजतो.

सुनंदाकाकू
१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या वाड्यात माळ्यापर्यंत पाणी होतं. मातीच्या भिंती बसल्या, सागाचे खांब उभे राहिले. पुढे कितीतरी महिने घरात ओल्या लाकडाचा वास होता. त्यातले दोन खांब भावाच्या घरात अजून आहेत.

मंदार_सि
काकू, अगदी बरोबर. भिजून वाळलेलं लाकूड टिकतं, सतत ओलं राहिलेलं कुजतं.
पेठकर, आधी मोरीचं पाणी बंद करा. मग तुळईखाली आडवी फळी घालून दोन टेकू द्या. कुजका भाग कडक लाकूड लागेपर्यंत आणि पुढे वीतभर कापा. तिथे मुरलेल्या, म्हणजे पूर्ण वाळलेल्या, सागाचा तुकडा जोडून दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवा, सिमेंट भरू नका.

गिरीश_के
मी अजूनही गर्डरच म्हणेन. पण काहीही करा, कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वर माणसं राहतात.

पेठकर
दाखवलं. टेकू लागलेत, मोरी बंद आहे. गिलावा फोडल्यावर आतली माती हाताला चिकटत होती. टोकाचं सात इंच लाकूड काळं, ओल्या पावासारखं तुटत होतं. त्यापुढे सुतारानं रंधा फिरवला तर तपकिरी लाकूड निघालं आणि सागाचा वास खोलीभर सुटला. तोच म्हणाला, ही काढायची नाही. आता दीड फुटाचा मुरलेला तुकडा कुठे मिळेल?

वखारवाला
नवा घेऊ नका, अजून आकसेल. उतरवलेल्या वाड्यांचा माल मार्केटात येतो, त्यातला घ्या. खिळे राहिलेत का बघा आणि पांढरा भाग आधी तासून टाका.

शुभदा
आणि कापलेल्या टोकाला जोडण्याआधी किडीचं औषध लावा, तिथूनच लाकूड सगळं पितं.