चेकपेक्षा एक सेन बरा

परदेशी शाळेसाठी आपल्या शाळेतल्या मुलांकडून वर्गणी काढावी का, यावर "मुलांच्या खाऊच्या पैशांवर डोळा कशाला? पालकांनीच परदेशी शाळेला एकरकमी चेक द्यावा" हे एक मत व्यवहाराला धरून आहे, पण मला पटत नाही.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी लोकांना स्थलांतराची दारं बंद केली. जपानमध्ये बरीच वर्षं राहिलेले मिशनरी सिडनी गुलिक यांनी यावर उतारा काढला : अमेरिकन मुलांनी जपानी मुलांना बाहुल्या पाठवायच्या. मुलांनी पैसे जमवले, बाहुल्यांचे कपडे शिवले गेले आणि १९२७ च्या मार्चमधल्या हिनामात्सुरीसाठी, म्हणजे तिकडच्या बाहुल्यांच्या सणासाठी, बारा हजारांवर बाहुल्या बोटीने रवाना झाल्या. बाहुलीसोबत तिचा पासपोर्ट, तिकीट आणि मुलांचं पत्र! (डोकं कुणाचं का असेना, दाद द्यायला हवी.) परतभेटीसाठी जपानी मुलामुलींनी एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, दिला. त्यातून ५८ देखण्या बाहुल्या अमेरिकेला गेल्या. अंगावर किमोनो, सोबत चहाची इवलीशी भांडी.

पुढे युद्ध झालंच. जपानमध्ये शत्रूच्या म्हणून कितीतरी बाहुल्या जाळल्या गेल्या. काही शिक्षकांनी मात्र त्या गुपचूप लपवल्या, त्यामुळे तीनशेच्या आसपास वाचल्या.

तेव्हा शाळेत वर्गणी काढायचीच तर रक्कम सगळ्यांना सारखी आणि अगदी किरकोळ ठेवा. आणि पत्रं मुलांनाच लिहू द्या, बाईंनी शुद्धलेखन तपासत बसू नये.