नेरूळचा सिडको फ्लॅट, नवा डेस्कटॉप आणि मागच्या खोलीत न पोचणारं वायफाय

हिशेबनीस, नेरूळ
नमस्कार मंडळी. मी घरातूनच छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं, त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लोकांचे पॅन, बँकेचे तपशील त्यावर ठेवायला मन धजेना, म्हणून विंडोज ११चा डेस्कटॉप घेतला आहे.

घर सिडकोच्या जुन्या इमारतीत. फायबरचा डबा (राउटर) हॉलमध्ये दाराशी, माझं टेबल मागच्या खोलीत, मध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूम. तिथे वायफायची एखादीच दांडी दिसते आणि फाइल अपलोड होता होता तुटते. यजमान बेडरूममधून मीटिंगा घेतात. लेझर प्रिंटर एकच, तो दोघांनाही हवा. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारं यंत्र, लावा. लावू का? आणि पावसाळ्यात लाइट गेली की नेटचं काय करायचं?

घणसोलीकर
ताई, एक्स्टेंडरपेक्षा मेश घ्या, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारी दोन-तीन युनिटं. आमच्याकडे एक युनिट हॉलमध्ये आणि एक पॅसेजमध्ये आहे. भिंतीला हात लावावा लागला नाही.

तारवाला, वर्तकनगर
मेश वाईट नाही, पण ताई, तुमचा डेस्कटॉप जागचा हलणार नाही. त्याला तारच द्या, वायफाय मोबाईल-लॅपटॉपला राहू दे. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी केबल ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून आग्रहाने सांगतो.

साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तुमच्या वाटेत तर कॉलम, टाइल्स आणि पाण्याचे पाइप आहेत. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तिथेच अडतो. २.४चा पलीकडे पोचतो, पण तो शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या राउटरांनी भरलेला असतो, आणि मायक्रोवेव्हही त्यातच ढवळाढवळ करतो.

कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल घ्या, पूर्ण तांब्याची. त्यासाठी मुंबईतलं लॅमिंग्टन रोडचं इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट गाठायची गरज नाही, मीटरवर वाशीतही मिळेल. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण ती ठिसूळ असते. केबलमध्ये आठ तारा असतात आणि काही जण चारच जोडून मोकळे होतात. नेट चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो; गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही तारा लागतात. जोडणारा माणूस घरात असतानाच विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड १०००/१००० दिसला तरच पैसे द्या. (डब्याचं पोर्ट गिगाबिट आहे ना, ते आधी बघून घ्या.)

लाइटच्या वायरिंगच्या पाइपमधून नेटची केबल घालू देऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. छताच्या कडेने केसिंग पट्टी मारून न्या. बाहेरून न्यावीच लागली तर उन्हाला टिकणारी, बाहेरच्या वापराची केबल घ्या आणि भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. नाहीतर नेरूळच्या तिरक्या पावसात ते केबलवरून ओघळत थेट घरात येतं.

मागच्या खोलीत पाच पोर्टचा गिगाबिट नेटवर्क स्विच ठेवा, म्हणजे एकाच केबलवर डेस्कटॉप आणि प्रिंटर दोन्ही जोडता येतील. प्रिंटरला नेटवर्कचं पोर्ट आहे का?

हिशेबनीस, नेरूळ
आहे! आजवर तो यूएसबीवरच होता. दादा, अजून एक. दुकानदार कागद घेऊन घरी येतात आणि वायफायचा पासवर्ड मागतात. द्यावा का?

तारवाला, वर्तकनगर
तुमचा मुख्य पासवर्ड कोणालाही नको. डब्याच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करा आणि त्याचा पासवर्ड द्या. तिथून तुमचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसता कामा नये, ते स्वतःच्या मोबाईलवरून तपासा. डब्याचा मूळ अॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा.

प्रिंटर स्विचला जोडा आणि राउटरमध्ये त्याचा नेटवर्कवरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो दर वेळी बदलणार नाही. यजमानांसाठी बेडरूमपर्यंत दुसरी केबल ओढून तिथे राउटर लावाल, तर तो अॅक्सेस पॉइंट मोडमध्येच लावा. नाहीतर तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही.

घणसोलीकर
लाइटचं मी सांगतो. डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. आधी अॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, जुळले तरच घ्या. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लागेल आणि मधला स्विचही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर डबा चालू आणि डेस्कटॉप नेटविना. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर नको, गरम होताना तो एकदम खूप करंट ओढतो.

हिशेबनीस, नेरूळ
फार मोलाची मदत झाली. एक्स्टेंडर नाही घेत, केबलच ओढून घेते. जुना कॉम्प्युटर भाच्याला देऊन टाकू ना?

तारवाला, वर्तकनगर
थोडं थांबा, ताई. आधी सगळे हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि नव्या मशीनवर प्रत्येक दुकानदाराची फाइल उघडून आकडे जुळवा. दुसरी प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. नव्या विंडोजची रिकव्हरी की (डिस्क लॉक झाली तर उघडायचा लांबलचक आकडा) कागदावर लिहून घ्या. मग जुनी डिस्क पूर्ण पुसून द्या भाच्याला. त्यात लोकांचे बँकेचे तपशील आहेत, नुसतं डिलीट करून ते जात नाहीत.